झिप उघडण्याआधी आत डोकावून बघ

अगं, शेंद्र्याच्या कंपनीत डिझाइनला लागलीस याचा मला फार आनंद झालाय. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममधून शिकून निघालेली तू, तुला डाय आणि फिक्श्चरमधलं मी काय सांगणार! पण तिथल्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट आहे, कस्टमरच्या झिप फाइली उघडताना भीती वाटते आणि नवीन असल्यामुळे विचारायचा संकोच होतो, असं म्हणालीस. तो संकोच माझ्यापाशी नको, म्हणून निवांत लिहितेय.

सगळ्यांत आधी एक सवय लावून घे. आलेली फाइल उघडण्याआधी आत काय आहे ते बघायचं, मग तिच्यासाठी नवा फोल्डर करून त्यातच सोडवायची, आणि मूळ फाइल आहे तशी जपायची. बाकीचं सगळं या तीन गोष्टींच्या मागून येतं.

हे मी इतकं बजावून का सांगतेय, ते तुझ्या कामातच बघ. २००१ मध्ये स्कोडाचा कारखाना शेंद्र्यात सुरू झाला. आता जालना रोडवर ऑरिक हे औद्योगिक शहरही उभं राहिलंय. अशा पट्ट्यात सुटे भाग करून देणाऱ्यांना एकाच पार्टची ड्रॉइंग पुन्हा पुन्हा येतात. रिव्हिजन बदलते, पण आतल्या फाइलींची नावं बहुतेक वेळा तीच राहतात. दुसरी रिव्हिजन ज्या फोल्डरमध्ये आहे, तिथेच तिसरी सोडवलीस तर कुठली फाइल जुनी आणि कुठली नवी हे कोण सांगणार? मशीनवर गेलेलं चुकीचं माप परत घेता येत नाही गं. महागडं स्टील स्क्रॅपमध्ये जातं आणि ज्याने जॉब लावला त्या ऑपरेटरला बोलणी बसतात.

मिंटमध्ये फाइलीवर डबल क्लिक केलंस की आर्काइव्ह मॅनेजर उघडतो आणि आतली यादी दाखवतो. नावं, तारखा, आकार नीट वाच. मग ‘एक्स्ट्रॅक्ट’ दाबून जागा निवड. फोल्डरच्या नावात पार्ट नंबर, रिव्हिजन आणि आल्याची तारीख घाल. रोजच्या कामाला एवढं पुरतं, टर्मिनलची सक्ती नाही. पण टर्मिनल शिकलीस तर हात मोकळा होईल. अक्षरं इंग्रजीच टाइप करायची. झिपची यादी बघायला ‘अनझिप’, मग डॅश एल, मग फाइलीचं नाव. टार या दुसऱ्या प्रकारच्या फाइलीची यादी बघायला ‘टार’, मग डॅश टी एफ आणि नाव. सोडवताना झिपला डॅश डी देऊन फोल्डर सांग. टारला डॅश एक्स एफ, फाइलीचं नाव, आणि शेवटी डॅश मोठा सी देऊन आधीच केलेला फोल्डर सांग. एक फरक मात्र लक्षात ठेव. त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर अनझिप तुला विचारतं. टार विचारत नाही, जुनी पुसून नवी ठेवतं. म्हणूनच वेगळा फोल्डर हवा.

नावांच्या शेवटी टार-जीझेड, टार-एक्सझेड अशी जोडशेपटं बघून घाबरू नकोस. टार १९७९ च्या युनिक्समधलं आहे, अनेक फाइली एका चुंबकी टेपवर सलग ठेवण्यासाठी केलेलं. ते फक्त एकत्र बांधतं, दाबत नाही. टार-जीझेडमध्ये दाबायचं काम जीझिप करतं, ते १९९२ मध्ये आलं. १९८९ चं झिप मात्र दोन्ही कामं स्वतःच करतं. प्रत्येक फाइल वेगळी दाबतं आणि सगळ्यांची यादी शेवटी लिहितं.

ही शेवटची यादी तुझ्या फार कामाची आहे. झिप अर्धीच डाउनलोड झाली तर यादीच नसते, त्यामुळे बहुधा ती उघडतच नाही आणि तुला लगेच कळतं. टार-जीझेड अर्धी आली तर तुटलेल्या जागेपर्यंतच्या फाइली व्यवस्थित बाहेर येतात, आणि शेवटी फाइल अचानक संपल्याची एक ओळ दिसते. ती ओळ न वाचता खिडकी बंद केलीस, तर दहापैकी सहा ड्रॉइंग हातात घेऊन तुला वाटेल की सगळी आली. म्हणून शेवटचा संदेश वाचल्याशिवाय उठू नकोस. कस्टमरने फाइल पडताळायला शा-२५६ ची बेरीज (चेकसम) पाठवली असेल तर तीही ताडून बघ. एका अक्षराचाही फरक असला तर फाइल पुन्हा मागव, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

रार किंवा सेव्हन-झेड या झिपसारख्या प्रकारातली मोठी फाइल तुकड्यांत आली तर सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये ठेव आणि फक्त पहिला उघड, पुढचे तो आपोआप जोडून घेतो. रार आणि सेव्हन-झेडसाठी लागणारी साधनं आयटीवाल्या दादांना सांगून आधीच बसवून घे, ऐन घाईत शोधाशोध नको. आणि पेनड्राइव्हवर फाइल सोडवू नकोस. अनेक पेनड्राइव्ह फॅट-३२ चे असतात, त्यांवर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही.

आता एक नाजूक गोष्ट, ही खास मनावर घे. कस्टमरचं ड्रॉइंग म्हणजे त्यांनी तुमच्यावर टाकलेला विश्वास आहे. झिपला पासवर्ड लावला तरी आतल्या फाइलींची नावं कोणालाही वाचता येतात. नव्या गाडीच्या पार्टचं नाव नुसत्या यादीतूनही बाहेर फुटू शकतं. म्हणून असं काही पाठवायचं असेल तर सेव्हन-झेड वापर. पासवर्ड देताना आर्काइव्ह मॅनेजरमध्ये फाइलींची यादीही झाकायचा पर्याय असतो, तो निवड. पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नकोस, फोनवर सांग. आणि ड्रॉइंगची झिप उघडण्यासाठी कुठल्या फुकटच्या वेबसाइटवर तर कधीच चढवू नकोस. तुझ्या मशीनवर सगळं आहे.

तू पाठवशील तेव्हाही समोरच्याचा विचार कर. आधी सगळं एका फोल्डरमध्ये घाल आणि मग तो फोल्डर दाब, म्हणजे समोरच्याच्या डेस्कटॉपवर पसारा होणार नाही. लिनक्सला लहान आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांतली नावं वेगळी वाटतात, विंडोजला ती एकच. तेवढाच फरक असलेल्या दोन फाइली पाठवल्यास तर तिकडे एकच उरू शकते. स्टेप फाइली मजकुराच्या असतात, म्हणून दाबल्यावर खूप लहान होतात. फोटो आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, ते लहान झाले नाहीत तर आपलं काही चुकलं असं समजू नकोस.

उद्यापासून इतकंच कर. येणाऱ्या प्रत्येक झिपसाठी एका वहीत चार रकाने आख: पार्ट, रिव्हिजन, तारीख आणि कोणाकडून आली. जुनी रिव्हिजन पुसू नकोस, ‘जुनं’ नावाच्या फोल्डरमध्ये हलव. कोणी विचारलं की हे माप कुठून आलं, तर तुला शांतपणे उघडून दाखवता आलं पाहिजे. आणि मशीनवर काही पाठवायच्या आधी मनात थोडीशी जरी शंका आली, तर सिनियरना विचार. ते कामात असतील तर मला फोन कर. जेवणाच्या सुट्टीत मी मोकळीच असते.