'साहेब, किती सोडू?'

प्रश्न : साताऱ्याजवळ माझी वर्तमानपत्रांच्या जाहिरातींची छोटी एजन्सी आहे. हाताखाली तिघं. भाचीच्या लग्नाला गेलो, तर हळदीच्या मांडवातही फोन कानालाच. कामं वाटून दिली आहेत, तरी माझ्यावाचून अडतं. काय करावं?

उत्तर : त्या दिवशीचे फोन आठवून पाहा. 'साहेब, किती सोडू?', 'पैसे आले का बघता?', 'ओटीपी सांगा.' काम येत नाही म्हणून यातला एकही फोन आलेला नाही. मेहनत तुम्ही वाटून दिलीत आणि होकार खिशात घालून हळदीला गेलात.

दोन आठवडे टेबलावर एक वही ठेवा. कुणी काही विचारलं की तो प्रश्न त्यात उतरवायचा. बहुधा तेच पाच-सहा प्रश्न फिरून फिरून येतील. सवलतीचं उत्तर आकड्यातच द्या. मान्यताप्राप्त एजन्सीचं रूढ कमिशन 15 टक्के, म्हणजे 10,000 रुपयांच्या जाहिरातीत 1,500. त्यातले 500 पर्यंत सोडायला विचारायचं नाही, त्यापुढे विचारायचं. एवढं ठरलं की निम्मे फोन थांबतील.

जमा रक्कम फक्त पाहता येईल असा वेगळा लॉगिन बँकेकडे मागा. ओटीपी फोनवर सांगायची सवय तर आजच मोडा. जीएसटी पोर्टलवर आणखी एक अधिकृत स्वाक्षरीकर्ता नोंदवता येतो, विश्वासातल्या माणसाचं नाव तिथे घाला.

खरी भीती वेगळीच आहे, ती प्रुफाची. दर चुकला तर पैसे जातात. श्रद्धांजलीत धाकट्या सुनेचं नाव राहिलं तर ते घर पुन्हा तुमची पायरी चढत नाही. म्हणून एकाने गिऱ्हाइकाचा कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून ताडायचं. मग प्रूफ व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकाला पाठवायचं, त्याचा लेखी होकार आला की मगच रिलीज ऑर्डर. हा नियम तुम्हालाही लागू, किंबहुना तुम्हालाच जास्त. 'मी बघितलंय' म्हणून घाईत पुढे ढकललेली प्रुफं बहुतेक मालकाच्याच हातची असतात.

तरीही एखादी चूक होईलच. त्या दिवशी काम परत स्वतःकडे ओढलंत, तर पुढच्या लग्नातही फोन कानालाच.

प्रश्न : एजन्सीतल्या मुलाला सगळं शिकवलं आणि त्याने समोरच दुकान थाटलं तर? बाँड लिहून घेऊ का? (कोपरगाव)

उत्तर : भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 27 धंदा करण्यावर बंदी घालणारा करार रद्दबातल मानतं. नोकरी सोडल्यावर हाच धंदा करायचा नाही, ही अट न्यायालयात सहसा टिकत नाही. त्यापेक्षा गिऱ्हाइकांची बोलणी त्याच्या खासगी मोबाइलवर होऊ देऊ नका. एजन्सीचा एकच व्हॉट्सॲप नंबर ठेवा. मूळ फोनखेरीज तो आणखी चार ठिकाणी जोडता येतो.

आणि त्याचा पगार शेवटचा कधी वाढवलात, ते पत्रात आलेलं नाही.