निरोप-समारंभातील विनोदी गाणी व नृत्ये

शाळेचा शेवटचा वर्ग बाहेर पडावयास निघाला की निरोपाचा व कृतज्ञतेचा समारंभ करण्याची चाल खेड्यापाड्यांतील शाळांतून चांगलीच रुळली आहे. कोठे हा वर्ग चौथीचा असतो, कोठे सातवीचा, तर कोठे आठवीचा. हारतुरे, चार भाषणे, शाळेला भिंतीवरचे घड्याळ भेट, आणि मग करमणुकीचा कार्यक्रम. भाषणांची तयारी पंधरा दिवस चालते. करमणूक मात्र आदल्या सायंकाळी कोणाच्या तरी भ्रमणध्वनीतील गाण्यांवर उरकली जाते. वास्तविक मुलांच्या स्मरणात भाषण फारसे राहत नाही, हसणे राहते. ज्या मुलाला सगळे हसले, त्याच्या स्मरणात तर ते अधिकच खोल राहते.

२००९ च्या कायद्याने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण मुलांच्या हक्काचे झाले. तथापि पुढची शाळा लांब, एस. टी. ची वेळ अडनिडी, घरी धाकटी भावंडे, ही कारणे कायद्याने नाहीशी होत नाहीत. काही मुलींच्या बाबतीत हा समारंभच शाळेच्या अंगणातील अखेरचा दिवस ठरतो. त्या दिवशी त्यांनी काय घेऊन घरी जावे, हे पुष्कळसे कार्यक्रमाच्या निवडीवर अवलंबून असते.

निवड चुकते ती बहुधा दुष्टपणाने नव्हे, घाईने चुकते. एखाद्या विनोदी प्रवेशात अडखळत बोलणारे पात्र असते. प्रेक्षक हसतील म्हणून तो प्रवेश घेतला जातो आणि त्याच वर्गात अडखळत बोलणारा एक मुलगा आहे, याचा विसर पडतो. प्रयोग सुरू होताच सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. तोही हसतो. न हसून सांगतो कोणाला ? काळा वर्ण, लठ्ठपणा, दारूड्या बाप, फाटका सदरा यांवरील गाण्यांची गतही तीच होय. म्हणून गाणे मुक्रर करण्यापूर्वी शिक्षकाने पट समोर घ्यावा आणि एकेका नावावरून बोट फिरवीत, या मुलाची आई पहिल्या रांगेत बसली आहे असे समजून ते गाणे मनात म्हणून पाहावे. कोठे बोट थांबले तर ते गाणे सोडून द्यावे.

चित्रपटातील गाणी घेऊच नयेत असे नाही. परंतु त्यांची सर्व कडवी शिक्षकाने स्वतःच्या हाताने कागदावर उतरून काढावीत. चालीच्या भरात जे खपून जाते ते कागदावर खपत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलीकडून मोठ्यांचे हावभाव करवून घेतले की मागच्या रांगांतून शिट्ट्या येतात, आणि समारंभ शाळेचा राहत नाही.

याहून चांगली सामग्री घरच्या घरी आहे. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी रचलेली भारुडे आजही कीर्तनांतून व जत्रांतून ऐकावयास मिळतात. विंचवाचे भारूड घ्यावे. विंचू चावला म्हणून तडफडणारा नटच हास्याचा विषय होतो, शेजारी बसलेला कोणी होत नाही. आणि तो विंचू म्हणजे माणसाच्या अंगचे कामक्रोध, हा उलगडा मोठ्यांना आपोआप पोचतो. मुलांना तो नाही पोचला तरी बिघडत नाही, अंगणभर नाचणारा विंचवाचा पेशंट त्यांना पुरेसा आहे. भवानीला रोडग्याचा नवस बोलणाऱ्या सुनेचे भारूड मात्र लहानांना देऊ नये. सासू, सासरा, नणंद यांच्या नाशाची ती मागणी रूपकाची आहे हे न कळल्यास उरतो तो केवळ घरातील माणसांवरचा राग, आणि सासवा तर समोरच बसलेल्या असतात. तसेच वासुदेव, जोशी, गोंधळी ही पात्रे नाथांनी ज्ञान सांगण्यासाठी उभी केली. त्यांचे सोंग नुसते टवाळीसाठी आणले, तर त्या घरचे मूल वर्गात मान खाली घालून बसेल.

विडंबनाची आवड असलेल्या शिक्षकांनी आचार्य अत्रे यांचे ‘झेंडूची फुले’ पुन्हा चाळावे. ‘केशवकुमार’ या नावाने त्यांनी त्यात चिमटे काढले ते कवींच्या लकबींना. याच धर्तीवर शाळेच्या घंटेचा, गळक्या कौलांचा किंवा दर सोमवारी हरवणाऱ्या फळ्याच्या पुसण्याचा पोवाडा मुलांकडूनच रचवून घ्यावा. डफ नसला तर पत्र्याचा डबा चालतो. झीलकरी म्हणून मागे उभे राहण्यासाठी ज्यांना पाठांतर जमत नाही अशी मुले निवडावीत. सबंध वर्षात रंगमंचावर न आलेले मूल तेथे दिमाखाने उभे राहते.

गुरुजींची व बाईंची नक्कल हा मुलांचा आवडता विषय. तिला बंदी केल्यास ती शौचालयामागे होतेच. तेव्हा ती उघड होऊ द्यावी, मात्र ज्यांची नक्कल करावयाची त्यांना आधी विचारावे, आणि चष्मा पुसणे, खडू शोधणे अशा सवयींपुरतीच ती ठेवावी. याहूनही उत्तम म्हणजे गुरुजींनी स्वतः विद्यार्थी व्हावे आणि एखाद्या चुणचुणीत मुलीने त्यांना पाढे विचारावेत. एकोणतीसच्या पाढ्याला गुरुजी अडखळले (तसे अडखळण्यासाठी अभिनय करावा लागेलच असे नाही) की जो हशा पिकतो, त्याने कोणाचेही मन दुखत नाही.

आभाराच्या गाण्यात शाळेत खिचडी शिजविणाऱ्या ताईंचे नाव यावे. त्यांच्या पातेल्याचा आवाज, ‘अजून थोडी’ म्हणणारी रांग, यांवर मुले चार ओळी सहज जुळवितात. भाषणांत त्यांचा उल्लेख सहसा राहून जातो.

नृत्यांत मुलींच्या झिम्मा, फुगडी, पिंगा, कोंबडा या खेळांना हशाची जोड आपोआप मिळते. बसफुगडीत मुलगे उतरले की बहुतेक सर्वच कोलमडतात. ती अवश्य ठेवावी. परंतु या प्रसंगी सर्वांत शोभणारे नृत्य गोफाचे होय. अंगणातील झाडाच्या फांदीला जुन्या लुगड्यांच्या आठ रंगीत पट्ट्या बांधाव्यात. मुलांच्या उंचीच्या दुपटीहून त्या अधिक लांब असाव्यात. प्रत्येकाने एकेक टोक धरावे. चौघे उजवीकडून व चौघे डावीकडून, एकदा समोरच्याच्या आतून, एकदा बाहेरून, असे टिपरीच्या ठेक्यावर फिरले की वर वेणी विणली जाते. एकाचे पाऊल चुकले की पट्टी अडकते व आठही जणांना थांबावे लागते. कोणाचे चुकले हे शोधण्याच्या भरात सगळेच एकमेकांकडे पाहून हसतात. मग उलट पावलांनी फिरून ती सोडवावयाची. आठ दिवस सराव केल्यास वेणी नीट विणली जाते, पण उलगडताना हमखास एक गाठ राहते. हे नृत्य शेवटी ठेवावे, आणि ती गाठ सोडविण्यास खालच्या वर्गातील मुलांना बोलवावे. पट्ट्या पुढल्या वर्षी त्यांनाच लागणार असतात.