पाकिटातली बुरशी सांभाळताना

पोरी, आजपासून हर्बेरियमच्या कपाटांच्या किल्ल्या तुझ्याकडे. चार गोष्टी कानात साठवून ठेव.

ताजी अळंबी प्लॅस्टिकच्या पिशवीत आणू नकोस. संध्याकाळपर्यंत तिचा लगदा होतो. कागदी पाकिटात आण. वाळली की रंग उडतो, वासही जातो, म्हणून दोन्ही आधी टिपून घे. एक टोपी कागदावर रात्रभर पालथी ठेव, बीजाणूंचा ठसा मिळेल. वाळवताना चाळीस अंशांच्या आसपासची ऊब आणि खेळती हवा पुरे. चुटकन मोडली की समज वाळली.

लेबलाचा आळस करू नकोस. गाव, तारीख, कोणत्या झाडावर, कोणी गोळा केली, एवढं हवंच. बुरशीतज्ज्ञ बटलरसाहेबांनी १९०५ मध्ये बिहारात पुशाला देशातला मोठा बुरशीसंग्रह उभा केला. १९३४ च्या भूकंपानंतर तिथली कृषी संशोधन संस्था दिल्लीला हलली, तसा संग्रहही हलला. कपाटं बदलली, तरी लेबल सोबत असल्यामुळे नमुन्याची ओळख पुसली नाही.

नवं पाकीट थेट कपाटात ठेवू नकोस, कसर सगळीकडे पसरते. पिशवीत घट्ट बंद करून उणे वीस अंशांवर आठवडाभर तरी ठेव. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीइतकी उबदार झाल्याशिवाय उघडू नकोस, नाहीतर नमुन्यावर दव धरतं. जुन्या पाकिटांना हातमोजे घालूनच हात लाव. पूर्वी किडीसाठी मर्क्युरिक क्लोराइड वापरत, तो पारा अजून त्यात असू शकतो.

नाव बदललं तरी जुनी चिठ्ठी काढायची नाही. शेजारी नवी लाव, खाली सही-तारीख. बटाट्याच्या करप्याला १८४५ मध्ये बोट्रायटिस म्हटलं, १८७६ मध्ये डी बारींनी फायटोफ्थोरा केलं. आज तर तो खऱ्या बुरशांतही धरत नाहीत.

आणि कुणी तुकडा मागितला, तर नखाएवढाच दे. किती काढला, कोणी, कशासाठी, तेही पाकिटावर लिही. आयर्लंडच्या दुष्काळातल्या त्या करप्याची पानं क्यू आणि म्युनिकच्या संग्रहांत जपलेली होती. २०१३ मध्ये अशा अकरा जुन्या नमुन्यांच्या डीएनएवरून कळलं, की दोष करप्याच्या ज्या वाणावर ठेवला जात होता तो नव्हताच. दुष्काळ आणणारा वाण वेगळा होता. पानं ठेवणाऱ्यांच्या काळी डीएनएची तपासणी कुणाच्या स्वप्नातही नव्हती. उद्या कोण काय विचारेल हे आपल्यालाही ठाऊक नाही. त्याच्यापुरतं पाकिटात शिल्लक राहील, एवढं बघ.