सत्तावीस, सत्ताईस आणि ट्वेंटी-सेव्हन

नागपूरच्या पूर्व भागात कळमना येथे कृषी उत्पन्न बाजार समितीचे मोठे आवार आहे. धान्य, मिरची, संत्री, भाजीपाला असा नाना प्रकारचा माल तेथे येतो. मालाबरोबर भाषाही येतात. विदर्भातला शेतकरी आपल्या बोलीत बोलतो, लिलावात हिंदी ऐकू येते, हमालांत छत्तीसगढी बोलणारे भेटतात, तर मिरचीच्या पोत्यांपाशी तेलुगूही कानावर पडते. अशा ठिकाणी थोडे कान देऊन ऐका. सौदा हिंदीत चालला असला तरी माणूस हिशेब करताना ओठांतल्या ओठांत जे पुटपुटतो, ते बहुधा आपल्या घरच्या भाषेत असते.

असे का व्हावे? आकडे तर साऱ्या जगात सारखेच. सात आणि आठ यांचा गुणाकार मराठीत छप्पन्न आणि तेलुगूत सत्तावन्न होत नाही! मग हिशेबाला भाषा कशाला लागते? आणि दुसरी भाषा शिकल्यावर आपल्या विचार करण्यात काही फरक पडतो काय? या प्रश्नांचा थोडा शास्त्रीय विचार आपण करू.

भाषा विचाराला बांधून ठेवते काय?

बेंजामिन ली व्होर्फ (१८९७–१९४१) हा अमेरिकन गृहस्थ शिक्षणाने रसायन अभियंता होता. आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपनीत तो नोकरी करी आणि फावल्या वेळात भाषांचा अभ्यास करी. आगी कशा लागतात हे तपासताना त्याला एक गोष्ट दिसली. पेट्रोलने भरलेल्या पिंपांजवळ कामगार जपून वागतात. पण पिंपे ‘रिकामी’ झाली की तेथे खुशाल विड्या ओढतात. वास्तविक रिकाम्या पिंपात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते व ते अधिक स्फोटक असते. ‘रिकामे’ या शब्दाने माणसाला फसवले, असे व्होर्फचे म्हणणे. भाषा विचाराला वळण लावते, हे मत त्याच्या नावाने प्रसिद्ध झाले.

हे मत फार ताणले तर मात्र टिकत नाही. हिंदीत ‘कल’ म्हणजे कालही आणि उद्याही. म्हणून हिंदी भाषकाला भूतकाळ व भविष्यकाळ यांतला फरक कळत नाही, असे कोणी म्हणेल काय? आणि हिंदीला हसण्यापूर्वी आपला ‘परवा’ आठवा! ‘परवा आलो’ आणि ‘परवा येईन’ या दोन्ही वाक्यांत शब्द तोच आहे. काळ क्रियापद सांगते. शब्द एकच असला तरी कल्पना दोन असू शकतात.

पण एका बाबतीत भाषा आपल्यावर खरोखर सक्ती करते. काही गोष्टींकडे लक्ष दिल्यावाचून ती आपल्याला वाक्यच बोलू देत नाही. मराठीत ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जाऊ’ ही वाक्ये वेगळी आहेत. ऐकणारा आपल्याबरोबर येणार की नाही, हे ठरवल्याशिवाय तुम्ही तोंड उघडू शकत नाही. प्रमाण हिंदीत दोन्हीकडे ‘हम’ चालतो. म्हणून मराठी शिकणाऱ्या हिंदी भाषकाला या भेदाकडे नव्याने लक्ष द्यावे लागते. गंमत अशी की नागपूरकडच्या बोलचालीच्या हिंदीत ‘अपन चलते हैं’ असे सर्रास म्हणतात. हिंदीने हा भेद व्यक्त करण्याची सोय करून घेतली आहे. दोन भाषा एका डोक्यात नांदू लागल्या की त्यांची अशी देवाणघेवाण होते.

आधी सात की आधी वीस?

आता आकड्यांकडे वळू. २७ ही संख्या लिहिताना हात आधी २ लिहितो, मग ७. पण ‘सत्तावीस’ म्हणताना तोंडातून आधी सात येतात, मग वीस. हिंदीच्या ‘सत्ताईस’मध्येही तसेच. इंग्रजी ‘ट्वेंटी-सेव्हन’मध्ये मात्र वीस आधी. तेलुगूत ‘इरवै एडु’, म्हणजे ‘वीस सात’. एकाच पोत्यावरचा २७ हा आकडा चार माणसे वाचतात. दोघांच्या तोंडी सात पुढे, दोघांच्या तोंडी वीस पुढे.

मोठ्या माणसाला याचे काही वाटत नाही, कारण ‘सत्तावीस’ हा अख्खा शब्द त्याच्या ओळखीचा असतो. लहान मूल मात्र नुकते आकडे लिहू लागलेले असते. ‘सत्तावीस’ ऐकून ते ७२ लिहिते. जर्मन भाषेतही सात आधी आणि वीस नंतर असतात. ऑस्ट्रियातील जर्मन बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांनी ऐकलेल्या संख्या लिहिताना केलेल्या चुका संशोधकांनी २००९ साली तपासल्या. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या चुका या उलटापालटीशी निगडित होत्या.

येथे तुम्ही शंका घ्याल, आणि घ्यायलाच हवी. ऑस्ट्रियातील मुलांची तुलना दुसऱ्या देशातल्या मुलांशी केली तर शाळा वेगळी, पुस्तके वेगळी, शिक्षक वेगळे. मग फरक भाषेमुळेच पडला हे कशावरून? प्रयोगात एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या कायम ठेवाव्यात, हा नियम तुम्ही प्रयोगशाळेत शिकला आहात. सुदैवाने निसर्गाने असा प्रयोग मांडून ठेवला आहे. चेक भाषेत २५ ही संख्या ‘वीस पाच’ आणि ‘पाच-वीस’ अशा दोन्ही तऱ्हांनी म्हणतात. मूल तेच, शाळा तीच, फक्त म्हणण्याची तऱ्हा बदलली. तेव्हा असे आढळले की उलट तऱ्हेने सांगितलेल्या संख्या लिहिताना अंकांची अदलाबदल पुष्कळच अधिक होते.

नॉर्वे देशात १९५१ साली सरकारने संख्या म्हणण्याची जुनी तऱ्हा बदलून ‘वीस सात’ ही तऱ्हा अधिकृत केली. टेलिफोनचे आकडे सांगताना होणारे घोटाळे हे त्याचे एक कारण होते. आपल्याकडे २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ या संख्येसाठी ‘वीस एक’ असे वाचन आले. ‘त्रेपन्न’, ‘सत्त्याण्णव’ यांसारखे जोडाक्षरांचे शब्द मुलांना जड जातात आणि क्रम उलटा पडतो, हे त्यामागचे कारण. गणितज्ञ मंगला नारळीकर त्या वेळी गणित विषय समितीच्या अध्यक्षा होत्या. यावर मोठा वाद झाला. विधिमंडळातही चर्चा झाली. पिढ्यान्‌पिढ्यांचे शब्द का मोडावेत, असा एक पक्ष; मुलाची अडचण का दूर करू नये, असा दुसरा. वादाचा निकाल काहीही असो, शब्दाचा क्रम आणि मुलाचा विचार यांचा संबंध आहे, एवढे मान्य करावे लागते.

पावणेदोनची युक्ती

याचा अर्थ मराठी संख्या वाईट असा घेऊ नका. दुसरी बाजू पाहा. तुरीचा भाव पावणेसात हजार रुपये क्विंटल आहे. चार क्विंटलांचे किती? मराठी शेतकरी म्हणेल, सात चोक अठ्ठावीस, त्यातून चार पाव म्हणजे एक गेला, राहिले सत्तावीस हजार. झाला हिशेब! इंग्रजीत हीच संख्या ‘सिक्स थाउजंड सेव्हन हंड्रेड अँड फिफ्टी’ अशी येते. तिला चाराने गुणताना सहसा तुकडे पाडून बेरीज केली जाते. ‘पावणे’ या शब्दातच वजाबाकीची युक्ती आहे. ‘एकोणपन्नास’मध्येही तीच, म्हणजे पन्नासाला एक उणे. म्हणून ४९ ला ६ ने गुणताना ३०० वजा ६ हे चटकन सुचते.

तेव्हा संख्या कोणत्या रूपात समोर येते, त्यावर हिशेबाची वाट ठरते. दोन भाषा जाणणाऱ्याजवळ दोन वाटा असतात. अट एवढीच की त्याने दोन्ही वापरल्या पाहिजेत.

पाढे कोणत्या भाषेत साठतात?

आता कळमन्याच्या पुटपुटण्याकडे येऊ. एलिझाबेथ स्पेल्की व सॅना त्सिव्हकिन या संशोधिकांचा एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. रशियन व इंग्रजी अशा दोन्ही भाषा जाणणाऱ्यांना त्यांनी काही नवे हिशेब शिकवले. काही रशियनमधून, काही इंग्रजीतून. मग दोन्ही भाषांतून परीक्षा घेतली. ज्या हिशेबांची नेमकी उत्तरे हवी होती, ते ज्या भाषेत शिकवले त्याच भाषेत लवकर आले. दुसऱ्या भाषेत वेळ लागला. पण जेथे केवळ अंदाज हवा होता, तेथे भाषा बदलल्याने काही बिघडले नाही.

याचा अर्थ काय? ‘सात आठे छप्पन्न’ ही माहिती आपण बहुतांशी शब्दांच्या रूपात साठवतो, गाण्याच्या ओळीसारखी. ती ज्या भाषेत घोकली त्याच भाषेत झटकन बाहेर येते. किती मोठे, किती लहान, सुमारे किती, ही जाण मात्र कोणत्याही एका भाषेच्या मालकीची नसते.

मित्रांनो, ही गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. मराठी माध्यमातून दहावी होऊन अकरावी विज्ञानाला आलेले कित्येक विद्यार्थी पहिल्या सहामाहीत खचतात. वर्गात इंग्रजीतून उदाहरण सांगितले की शेजारच्याचे उत्तर तयार असते, यांचे अर्धवट. ‘आपल्याला डोकेच नाही’ असे त्यांना वाटू लागते. मी भौतिकशास्त्र शिकवताना दरवर्षी असे चेहरे पाहतो. पण पुष्कळदा कमी पडते ती बुद्धी नव्हे. पाढे एका भाषेत साठलेले आणि प्रश्न दुसऱ्या भाषेतून आलेला, त्यामुळे काही क्षणांचा उशीर होतो. सरावाने तो कमी होतो. तोवर हिशेब खुशाल मराठीत करावा. कागदावर २७ चे २७ च उमटतात. शिक्षकांनाही विनंती की मूल आपल्या भाषेत पुटपुटत हिशेब करत असेल तर त्याला टोकू नये.

प्रयोग करून पाहा

साहित्य: सेकंद दाखवणारे घड्याळ, वही, दहा-बारा मित्र.

(१) बे ते दहाच्या पाढ्यांतले वीस गुणाकार निवडा. ते मराठीत विचारा, उत्तर मराठीत घ्या. लागलेला एकूण वेळ ‘क’.

(२) तितकेच कठीण दुसरे वीस गुणाकार इंग्रजीत विचारा, उत्तर इंग्रजीत घ्या. वेळ ‘ख’.

(३) आता वीस संख्या मराठीत सांगा. मित्राने त्या फक्त परत म्हणावयाच्या. वेळ ‘ग’. तसेच इंग्रजीत, वेळ ‘घ’.

तिसरी पायरी कशासाठी? व्हर्निअर कॅलिपर वापरताना आपण आधी शून्य त्रुटी काढतो ना, तसेच हे. इंग्रजी संख्या ऐकायला व म्हणायला जो जादा वेळ लागतो तो (घ – ग). तो (ख – क) यातून वजा करा. जे उरेल ते हिशेबाचा फरक. निम्म्या मित्रांना आधी मराठी, निम्म्यांना आधी इंग्रजी द्या, म्हणजे सरावाचा लाभ एकाच भाषेला मिळणार नाही. शेवटी सरासरी काढा. इंग्रजी माध्यमातले मित्र मिळाले तर त्यांचा वेगळा तक्ता करा. फरक उलट दिशेने येतो काय?

दुसऱ्या भाषेने बुद्धी वाढते काय?

एके काळी दोन भाषांमुळे मुलांचा गोंधळ होतो असे समजत. १९६२ साली कॅनडात मॉंट्रिअल येथे पील व लँबर्ट यांना उलटेच आढळले. दहा वर्षांची दुभाषी मुले चाचण्यांत पुढे होती. त्यानंतर कित्येकांनी दुसऱ्या भाषेचे गोडवे गायले. हैदराबादच्या निझाम वैद्यकीय विज्ञान संस्थेत स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची पाहणी झाली, ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसून आला होता. निरक्षरांतही फरक होता. परंतु २०१८ साली १५२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. दुभाषी प्रौढांचे लक्ष वा मनावरचा ताबा इतरांहून सरस असतो, याला त्यात भक्कम आधार मिळाला नाही. तेव्हा दुसरी भाषा ही बुद्धी वाढवण्याची गोळी आहे असे कोणी सांगितले तर लगेच विश्वास ठेवू नका.

दुसरी भाषा देते ते निराळेच. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला भेद मराठी मुलाला हिंदी शिकताना प्रथम दिसतो. ‘सत्तावीस’मध्ये सात पुढे आहेत हे इंग्रजी शिकताना ध्यानात येते. आपलीच भाषा थोडी दुरून पाहता येते. आणि नेहमीची गोष्ट दुरून, नव्याने पाहणे हीच तर विज्ञानाची सुरुवात!

विचार करा

१. ८९ ला मराठीत ‘एकोणनव्वद’ आणि हिंदीत ‘नवासी’ म्हणतात. दोन्ही शब्दांची फोड करा. ८९ × ५ हा गुणाकार कोणत्या शब्दावरून सोपा जातो?

२. ‘अडीच’ या शब्दात वजाबाकी आहे की बेरीज? त्याचे मूळ संस्कृत ‘अर्धतृतीय’ आहे, हे ध्यानात घेऊन उत्तर द्या.

३. तुमच्या गावच्या बाजारात किती भाषा ऐकू येतात? त्यांपैकी कोणत्या भाषांत दशक आधी म्हणतात, याचा तक्ता करा.