पाच रियालांचे पिल्लू



मागच्या सत्रात आम्ही तुम्हांला ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध लिहायला दिला होता. आमच्या एका छोट्या विद्यार्थिनीने कोंबडीच्या दोन पिल्लांवर पानभर निबंध लिहिला. एक पिल्लू गुलाबी, दुसरे हिरवे. बाबांबरोबर भाजी आणायला गेली असताना बाजारात पुठ्ठ्याच्या खोक्यात ती दिसली, पाच रियालांना एक. हट्ट केला आणि दोन घरी आली. निबंध गोड होता. आम्ही ऱ्हस्व-दीर्घ तपासले, शाबासकी दिली, वर्गात वाचून दाखवला. पुढच्या शुक्रवारी ती अगदी गप्प होती. दोन्ही पिल्ले मेली होती. पिल्लांना ऊब कशी देतेस, हे विचारायचे आम्हा दोघी शिक्षिकांपैकी एकीलाही सुचले नव्हते. म्हणून हा धडा तुमच्याइतकाच आमच्यासाठीही आहे.

पिल्ले का गेली?

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. आईच्या पंखाखाली ती मिळते. पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी केली तरी चालते. आता आपले घर बघा. उन्हाळ्यात बाहेर ४५ अंश, म्हणून आत एसी २२ वर! आपल्याला जी हवा सुखाची, ती पिल्लाला कडाक्याच्या थंडीसारखी. बाल्कनीत ठेवले तर ऊन मारते, आत ठेवले तर गारठा.

रंगाचेही ऐका. पिल्लू जन्मल्यावर त्याच्यावर रंग फवारतात किंवा जन्मण्याआधी अंड्यातच सुईने रंग घालतात. काही आठवड्यांत नवी पिसे आली की तो जातो. मग उरतो तो साधा कोंबडा, पहाटे आरवून सगळी इमारत जागी करणारा. अशी पिल्ले इतकी स्वस्त का? अंड्यांसाठी पाळलेल्या जातीचे नर अंडी देत नाहीत, अंगावर मांसही फारसे धरत नाहीत. त्यामुळे त्यांना किंमत नसते. हे फक्त इथेच चालते असे समजू नका. आपल्याकडच्या आठवडी बाजारात आणि जत्रेतही अशी पिल्ले मिळतात.

किंमत आणि आयुष्य

किंमत लहान म्हणजे जबाबदारी लहान, असे नसते. हे आकडे वहीत उतरवून घ्या.

हॅम्स्टर: २ ते ३ वर्षे
बजरीगर (लव्हबर्ड समजून आपण आणतो तो छोटा पोपट): ५ ते १० वर्षे
ससा: ८ ते १२ वर्षे
गोल्डफिश: नीट ठेवल्यास १० वर्षांहून अधिक
लाल कानाचे कासव: २० ते ४० वर्षे

आज तिसरीत असलेल्या मुलाने ससा आणला, तर तो कॉलेजात जाईपर्यंत ससा असेल. तोवर आपण कुठे असू? बाबांची नोकरी बदलली, इकामा संपला, बारावीनंतर तुम्ही पुण्याला गेलात, तर ससा कोणाचा? प्राणी भारतात न्यायला परवाने आणि आरोग्याचे दाखले लागतात, आणि प्रत्येक प्राणी नेता येतोच असे नाही. सुट्टीत आपण दोन महिने गावी जातो, तेव्हा बंद घरात एसीही बंद असतो. मग माशांच्या टाकीतले पाणी किती तापेल?

‘जोडी घ्या, एकटा कंटाळेल’ असे दुकानदार म्हणतो. सोनेरी हॅम्स्टर मूळचा सीरियाचा. १९३० मध्ये अलेप्पोजवळ पकडलेल्या काही पिल्लांपासून जगभरची पाळीव प्रजा वाढली. तो एकटाच राहणारा प्राणी आहे. दोन एकत्र ठेवले तर भांडून रक्त काढतात. आणि मादीला सुमारे १६ दिवसांतच पिल्ले होतात!

चांगला दुकानदार कसा ओळखावा?

चांगला दुकानदार आधी स्वतः प्रश्न विचारतो: पिंजरा केवढा आहे, घरी कोण असते, आई-बाबांना विचारलेत का. तो नर-मादी वेगळे ठेवतो, आजारी प्राणी विकत नाही, खाणे काय द्यायचे ते लिहून देतो. नुसता ‘घेऊन जा, स्वस्त आहे’ म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नये.

कायदेही आहेत. अमेरिकेत १९७५ पासून सुमारे १० सेंटिमीटरपेक्षा लहान कासवे पाळण्यासाठी विकायला बंदी आहे, कारण त्यांच्यापासून मुलांना साल्मोनेला जंतूंचा आजार होत असे. ब्रिटनच्या २००६ च्या कायद्याने १६ वर्षांखालील मुलांना प्राणी विकता येत नाही. सौदी अरेबियाने २०१३ मध्ये आखाती देशांचा सामाईक प्राणी-कल्याण कायदा स्वीकारला. भारतात २०१८ च्या नियमांनुसार प्राण्यांच्या दुकानाला नोंदणी लागते. आणि आजीकडचा मिठू? आपला कंठवाला पोपट वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. त्याला पिंजऱ्यात पाळणे गुन्हा आहे.

इथल्या मुलांना हदीसमधली एक गोष्ट ठाऊक असते. एका बाईने मांजर कोंडून ठेवली, तिला खायला दिले नाही, बाहेर जाऊन शोधूही दिले नाही. त्याची तिला शिक्षा झाली. आपल्याकडेही मोठी माणसे सांगतात, मुक्या जिवाचा तळतळाट घेऊ नये. दोन्हींचा अर्थ एकच.

चार शुक्रवारांचा नियम

प्राणी हवासा वाटला तर त्याच दिवशी आणायचा नाही. पहिल्या शुक्रवारपर्यंत त्याची माहिती वाचा. दुसऱ्यापर्यंत जवळचा पशुवैद्य शोधा. तिसऱ्यापर्यंत सुट्टीत त्याला कोण सांभाळेल ते त्या माणसालाच विचारून ठरवा. चौथ्या आठवड्यात रिकाम्या खोक्यात वर्तमानपत्र घाला आणि ते रोज सकाळी शाळेआधी न चुकता बदला. चौथ्या शुक्रवारीही उत्साह टिकला असेल, तर आई-बाबांशी बोला. पालकहो, मुलाच्या हट्टाला ‘नाही’ म्हणण्यापेक्षा ‘चार शुक्रवार थांबू’ म्हणणे सोपे जाते.

शब्दार्थ
ऊब – अंगाला सुखावणारी उष्णता
तळतळाट – दुखावलेल्या जिवाचा शाप
हमाम – अरबीत कबूतर. म्हणून इथल्या पक्षीबाजाराला ‘सूक अल-हमाम’ म्हणतात. मराठीतला हमामखाना, म्हणजे न्हाणीघर, हा वेगळा शब्द.

स्वाध्याय
१. पिल्लाला एसीच्या खोलीत का ठेवू नये?
२. तुम्ही २० वर्षांचे व्हाल, तेव्हा आज आणलेले कासव किती वर्षांचे असेल?
३. दुकानदाराला विचारायचे पाच प्रश्न लिहा. पुढच्या शुक्रवारी आपण ते वर्गात वाचू. या वेळी आम्हीही आमचे पाच प्रश्न लिहून आणू.