आजार रेड्याला, औषध पखालीला

काल फोनवर तू म्हणालास, "काका, गाडी तापतेय, नवा पंप मागवतो." पैसे पाठवले नसतील तर आधी हे वाच.

इंग्लंडात आल्यापासून निम्मं आयुष्य मी एका सेव्हनच्या नाकाखाली हात घालून काढलंय. कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन १९५७ साली आली. सुट्या भागांत घेतली तर परचेस टॅक्स वाचायचा, म्हणून लोकांनी ती घरी जोडली. १९७३ मध्ये व्हॅट आला, सवलत गेली, सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. पण घरच्या गॅरेजात गाडी उभी करायची खोड काही गेली नाही. या खोडीत एक मेख आहे. दुकानातून आणलेली गाडी तापली तर कारखान्याला शिव्या घालता येतात. तुझ्या गाडीचा कारखाना तूच. म्हणून पंपाकडे बघण्याआधी आठव, बिघाड सुरू होण्यापूर्वी शेवटचा पाना कुठे लावला होतास?

मग बघ, ती तापते केव्हा. सिग्नलला उभी असताना काटा चढतो आणि रस्ता मोकळा झाला की उतरतो, तर संशय पंख्यावर. उलट मोटरवेवर तासाला ६० मैलांनी धावताना चढत जातो, तर पाणी फिरत नाही किंवा वारा रेडिएटरमधून जात नाही. रेडिएटर चोंदलेला असेल, खालचा होज आत ओढला जाऊन चपटा होत असेल, पट्टा सैल असेल, नाहीतर हौसेनं लावलेली नंबरप्लेट नाकाचं तोंडच अडवत असेल. वारा मोठा आळशी असतो. रेडिएटरच्या कडेला बोटभर फट दिसली की तो तिथूनच पळतो. फोमच्या पट्ट्या लावून फटी बुजव.

माझी स्वतःची फजिती सांगतो. जुन्या फोर्ड क्रॉसफ्लो इंजिनावर मी एकापाठोपाठ एक दोन पंप बदलले. गाडी तापायची ती तापायचीच. एका रविवारी इंजिन चालू ठेवून मी बॉनेटखाली डोकं घातलं होतं, तुझी काकू नाकासमोर चहा घेऊन उभी. म्हणाली, "गरम वारा माझ्या तोंडावर का येतोय?" इलेक्ट्रिक पंख्याच्या दोन तारा मीच उलट जोडल्या होत्या! इंजिनाच्या बाजूला बसवलेला पंखा रेडिएटरमधून वारा आत ओढण्याऐवजी बाहेर फेकत होता. तेव्हापासून माझी चाचणी ठरलेली: पंखा चालू करायचा आणि कालनिर्णयचं मागच्या महिन्याचं पान रेडिएटरपुढे धरायचं. पान जाळीला चिकटलं तर ठीक.

काट्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. हेडलाइट लावताच काटा उडी मारत असेल, तर बिघाड अर्थिंगचा. पाण्याला दिव्यांशी काय देणंघेणं? फायबरग्लासमधून वीज वाहत नाही आणि चॅसीवरचा पावडर कोटही तिला अडवतो. ब्लॉकपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत जाड तार टाक, आणि सेन्सरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळली असशील तर काढून बघ.

खरी डोकेदुखी हवेची. सेव्हनचा रेडिएटर खाली नाकात आणि इंजिन त्याहून उंच, त्यामुळे हेडमध्ये आणि हीटरच्या नळीत हवा अडकून बसते. काटा लाल रेघेवर आणि हीटर मात्र थंड वारा फेकतोय, असं झालं की समज, पाणी कमी आहे किंवा हवा अडकली आहे. ज्या बाजूला पाणी भरायचं तोंड, ती बाजू जॅकनं वर घे, हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेव, पाणी हळूहळू ओत आणि वरचा होज हातानं दाबत राहा, म्हशीची धार काढावी तसा. इंजिन थंड असतानाच झाकण काढून ते चालू कर आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत बुडबुडे निघू दे. कितीही वेळ थांबलं तरी बुडबुडे संपत नसतील, तर हेड गॅस्केटचं बघावं लागेल. तापलेल्या गाडीचं झाकण मात्र कधीही उघडायचं नाही. एक बारच्या दाबाखाली पाणी साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही; झाकण फिरवलंस की सगळं एकदम उकळून तोंडावर येतं.

थर्मोस्टॅट काढून फेकून देणारे मिस्त्री खूप भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. थंड इंजिन पेट्रोल पितं आणि झिजतं. जुन्या पातेल्यात पाणी तापत ठेव, थर्मोस्टॅट दोऱ्यानं तळाला न टेकता सोड, शेजारी थर्मामीटर धर. थर्मोस्टॅटवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो, त्याच्या आसपास उघडला तर चांगला. ते पातेलं पुन्हा चहाला घेऊ नकोस. अँटिफ्रीझ गोड लागतं आणि विषारी असतं. सांडलेलं लगेच पूस, मांजरं चाटतात.

हे सगळं झाल्यावर पंप. पट्टा काढ, पुली दोन्ही हातांनी धरून मागेपुढे हलव. जराही खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं. पंपाच्या मानेखाली एक बारीक भोक असतं; तिथे ओल किंवा हिरवट-पांढरी खपली दिसली तर आतलं सील गेलं. ते भोक सिलंटनं बुजवायचं नाही, पंप बदलायचा. नवा बसवताना जुनं गॅस्केट पूर्ण खरवड, बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळ, आणि पट्टा अंगठ्यानं दाबल्यावर अर्धा इंच दबेल एवढाच ताण. तू पट्टा तारेसारखा ताणतोस, मी पाहिलंय. तसा ताण दिलास तर नव्या पंपाचं बेअरिंगही लवकर जाईल.

आज गाडीला हात लावू नकोस. उद्या सकाळी इंजिन थंड असताना पाण्याची पातळी बघ, मग पंख्यापुढे कागद धर आणि मला फोन कर. पंपाची ऑर्डर तोवर थांबव.