झाकणाचे बाक

रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यातल्या शाळेस लहानशी बाग होती. खुरपी, विळे, कुदळी, झारी ठेवावयास निराळी जागा नसल्यामुळे ती सारी व्हरांड्याच्या कोपऱ्यात पडून असत. आठवीच्या मुलांनी यावर तोड काढली. बागेत बसावयास बाक तर हवेच होते. तेच आतून पोकळ ठेवले आणि वर बिजागरीचे झाकण बसविले, म्हणजे आसनही झाले आणि पेटीही झाली!

उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी आंब्याच्या लाकडाचे बाक तयार झाले. लांबी 120 सेंटीमीटर, रुंदी व उंची 45. झाकणाच्या दोन फळ्या एका मुलाने तीन दिवस रंधून अशा जुळविल्या, की मध्ये केसही शिरू नये. चारही बाजूंच्या फळ्यांच्या आत ते झाकण नेमके बसे. गुरुजींनी त्याची पाठ थोपटली.

मग आषाढ आला. आठ दिवसांच्या संततधारेनंतर मुले खुरपी काढावयास गेली, तो झाकण हलेना. दोघांनी ओढले, चौघांनी ओढले. शेवटी पहार घातली, तेव्हा फळी काडकन चिरली. आत बोटभर पाणी साचले होते आणि खुरप्यांवर गंज चढला होता. “याच्याच सांध्याने घात केला,” असे मुले म्हणू लागली. तो मुलगा दोन दिवस बागेकडे फिरकला नाही.

तिसऱ्या दिवशी गावातील वृद्ध सुतार शाळेत आले. पावसाने वर्गांची दारेही फुगली होती. ती रंधून द्यावयाची होती. मुलाने भीत भीत चिरलेली फळी त्यांच्यापुढे ठेवली.

“सांधा चांगला आहे, बाळ,” ते म्हणाले. “घरातल्या कपाटाला शोभेल. पण हे बाक उघड्यावरचे. झाड तोडले, तरी लाकूड पाणी प्यायचे सोडीत नाही.”

आणि खरोखरच तसे आहे. लाकूड हवेतील ओल शोषून घेते आणि फुगते. मात्र ते लांबीत जवळजवळ वाढत नाही. वाढते ते रुंदीत. 25 सेंटीमीटर रुंदीची फळी पावसाळ्यात चार-पाच मिलिमीटरही रुंद होऊ शकते. शेजारच्या फळीस ती रेटू लागली आणि दोघींनाही सरकावयास जागा नसली, म्हणजे झाकण अडकणारच.

“मग मध्ये फट ठेवू का, आजोबा?”

“फटीतून पाऊस आत येईल.”

“मग काय करू?”

आजोबांनी हातातल्या रंध्यानेच वर छपराकडे दाखविले. कौले! एकही कौल दुसऱ्यास घट्ट जोडलेले नव्हते. वरच्याची कड खालच्यावर टेकली होती, एवढेच.

नवे बाक फणसाच्या लाकडाचे झाले; त्यास वाळवी सहसा लागत नाही. झाकणाला पुढच्या बाजूस उतार दिला. मागची फळी पुढच्या फळीवर तीन सेंटीमीटर चढविली आणि प्रत्येक फळी एकाच कडेस पक्की केली, म्हणजे दुसरी कड फुगावयास मोकळी. झाकण आता पेटीच्या आत न बसता कडांच्या बाहेर आले. पुढच्या कडेखाली लांबट खाच पाडली. तेथे थेंब अडतो आणि आत न वळता खाली पडतो. बिजागऱ्या व स्क्रू पितळी, कारण लोखंड गंजते. बिजागरीच्या फटीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ठोकली. तळाच्या फळ्यांत मात्र मुद्दाम फटी ठेविल्या आणि पाय दगडांवर टेकविले. “आलेच पाणी, तर त्याला जायला वाट हवी,” आजोबा म्हणाले. झाकण मागे उलटू नये म्हणून दोन्ही बाजूंस साखळ्या लाविल्या. समोरच्या फळीत बोटे घालावयास खोलगट खाच केली, म्हणजे झाकण मिटताना ती चेंगरत नाहीत.

पुढच्या आषाढात त्याच मुलाने सर्वांसमक्ष झाकण उचलले. ते एका हाताने उघडले. खुरपी कोरडी होती. एका कोपऱ्यात तेवढी थोडी ओल आली होती.

गुरुजी बाकावर बसून पाहत होते. फळीवर फळी चढविल्यामुळे मध्ये पायरी झाली होती आणि ती बसणाऱ्यास टोचत असे. “एवढे मात्र राहिले,” ते म्हणाले. मुलगा रंधा आणावयास धावला.